एवढ्यावर कोणी जगतं का

"ह्याला एक वाटी म्हणत नाहीत," असं कुणीतरी म्हणालं आणि रत्नमालाच्या हातातलं पेन थांबलं. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. बायकांच्या वॉर्डात दुपारची जेवणं वाढणं चाललं होतं, वच्छलाबाई ढकलगाडीवरून ताटं उतरवत होत्या, खिडकीबाहेर जालना रोडचे हॉर्न कोकलत होते, आणि सात नंबरच्या खाटेवरची म्हातारी वरणाची वाटी तिरकी करून वच्छलाबाईंना दाखवत होती. "ही पाऊण आहे. एक वाटी म्हणजे काठापर्यंत. तुम्हाला कोणी शिकवलं नाही का?" म्हातारीचे गाल आत गेले होते, मनगटावर सलाईनची पट्टी होती, केस कुणीतरी घाईनं बांधून दिले होते. चेहऱ्यावरून ती कोण हे जन्मात कळलं नसतं. आवाज मात्र तोच होता, चौदा वर्षांत जराही न थकलेला. रत्नमालानं खाटेच्या पायथ्याचं कार्ड उचललं, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. सत्यशीला मॅडम. तिच्या पोटात काहीतरी गरम पसरत गेलं. ते दुःख नव्हतं, भीती नव्हती; तो चक्क आनंद होता. इतका निर्लज्ज आनंद आपल्याला होऊ शकतो याचं तिला थोडं नवल वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

"ताई, ही बाई लई मास्तरीण हाय," वच्छलाबाई गाडी ढकलत जवळ आल्या आणि पुटपुटल्या. "सकाळधरून मला च्या कसा गाळायचा ते शिकवू राहिली. अन् सोता खाती काय? नुसतं वरण पेती. पोळीला हात लावत नाय."

"बघते मी," रत्नमाला म्हणाली.

बघायचं तर होतंच. सकाळीच डॉक्टरांनी तिला जिन्यात गाठलं होतं. सात नंबर, साखरेचा जुना आजार, दोन वेळा इन्सुलिन. परवा सकाळी घरी बेशुद्ध होऊन पडली, साखर अडतिसावर आलेली. "बाई म्हणतात मी नीट जेवते," डॉक्टर म्हणाले होते. "नीट जेवत असतील तर हाच डोस चालू ठेवतो, मग कारण दुसरीकडं शोधायचं. पोटात काही जात नसेल तर डोस निम्म्यावर आणावा लागेल, नाहीतर घरी जाऊन पुन्हा पडतील, आणि दर वेळी कुणी वेळेवर पोचेल असं नाही. चारला राउंड आहे. पाचला सोडायचंय. तुम्ही तेवढं खरं काढा." खरं काढा, असं ते तिलाच म्हणत. या हॉस्पिटलात सात वर्षं काढल्यावर रत्नमालाची तेवढी ख्याती झाली होती, की डाएटवाल्या ताईंपुढं पेशंट खोटं बोलत नाही. चोरून गुलाबजाम खाणारे सरकारी अधिकारी, उपासाच्या नावाखाली साबुदाण्याचा ढीग रिचवणाऱ्या बायका, सगळे तिच्यापुढं भडाभडा बोलून मोकळे होत. त्यात जादू नव्हती. ती फक्त चेहरा कोरा ठेवायची. आणि हे तिला शिकवलं होतं ते सात नंबरच्या खाटेवर वाटी तिरकी करून बसलेल्या या बाईनंच.

पहिल्या वर्षाचा पहिला प्रॅक्टिकल. लांब टेबलं, त्यावर मापाच्या स्टीलच्या वाट्या, चमचे, आणि पोळीच्या आकाराच्या पुठ्ठ्याच्या चकत्या. "चोवीस तासांचा रिकॉल," मॅडम म्हणाल्या होत्या, "म्हणजे माणसानं काल दिवसभरात तोंडात काय काय घातलं ते काढून घेणं. शेवटच्या घासापासून मागं मागं जायचं. वाटी केवढी ते विचारायचं. वाढलं कोणी ते विचारायचं. ताटात उरलं किती ते विचारायचं. आणि चेहरा कोरा. समोरचा दोन भाकरी म्हणो की बारा, तुमची भुवई हलता कामा नये. भुवई हलली की तो खोटं बोलायला लागतो." रत्नमाला मागच्या बाकावर बसून हे कानात प्राण आणून ऐकत होती, कारण शहरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला येत असलेलं काहीतरी कुणी शिकवत होतं. तिचा बाप कडूबा पिशोरच्या रानात मेंढरं चारायचा. सकाळी वाड्यातल्या लेंड्या काठीनं फोडून बघायचा आणि कोणतं मेंढरू काल कुणाच्या बांधाला घुसलं ते सांगायचा. गावात कोणी विचारलं, पोरगी औरंगाबादला काय शिकती रे, तर तो म्हणायचा, "खायाचं शिकती." लोक हसायचे. खायला काय शिकायचं असतं, म्हणायचे. तोही त्यांच्यात हसायचा, पण रत्नमालाला ठाऊक होतं, की आपण जे शिकतोय ते बापाला पक्कं कळलंय. त्या तासाला तिला वाटलं होतं, आता घरी गेलं की त्याला सांगू, तुझं ते काठीचं काम आम्हाला पुस्तकात आहे. नंतर ते सांगायचं राहूनच गेलं.

ती खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. मॅडमनी तिच्याकडं बघितलं, म्हणजे पांढऱ्या कोटाकडं आणि हातातल्या फॉर्मकडं बघितलं. तेव्हाची ती काटकुळी, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची पोर या चष्म्यामागं कुणाला सापडणार होती? "नमस्कार आजी," रत्नमाला म्हणाली. आजी म्हणताना तिला बरं वाटलं. "परवा पडलात, त्याच्या आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते सांगायचंय."

"मला ठाऊक आहे काय सांगायचंय ते," मॅडम म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शिकवलंय मी हे. लिही. सकाळी एक कप दूध, साखर नाही. नाश्त्याला एक वाटी उपमा. दुपारी दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक वाटी पालेभाजी, अर्धी वाटी दही, कोशिंबीर. रात्री दोन पोळ्या, एक वाटी भाजी, अर्धी वाटी भात." सगळं एका दमात, वर्गात सांगावं तसं. कोशिंबिरीला त्यांनी हातानं एक छोटा गोलसुद्धा करून दाखवला. समोरच्या ताटात दोन पोळ्या तशाच्या तशा पडल्या होत्या, कडा वाळून वर उचललेल्या, आणि उशीच्या आडून रुमालाची एक छोटी पुरचुंडी डोकावत होती. त्या पुरचुंडीतून कवळीची गुलाबी कड दिसली. रत्नमालाला सगळं दिसलं. तिची भुवई हलली नाही. ती पेन्सिलीनं लिहीत गेली, दोन पोळ्या, वरण, दही, आणि लिहिता लिहिता तिच्या ध्यानात आलं, की ही यादी आपण पूर्वी लिहिली आहे, अगदी हीच, याच क्रमानं. "बरं," ती म्हणाली. "छान आहे." आणि उठली.

डाएट किचनच्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. तिथं बसून तिनं तो कागद समोर ठेवला. काही करायचं नव्हतं, हीच त्यातली मौज होती. कागद पेन्सिलीचा आहे, तो पेनानं पक्का करायचा, खाली सही करायची आणि चारला डॉक्टरांच्या हातात द्यायचा. बाई नीट जेवतात. डोस तोच राहणार, पाचला मुलगा येऊन घेऊन जाणार, आणि मग एखाद्या सकाळी, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, इन्सुलिन टोचून रिकाम्या पोटी बसलेली ती बाई एकटी खुर्चीतून खाली घसरणार. कुणी रत्नमालाकडं बोट दाखवलं नसतं. पेशंटनं सांगितलं ते मी लिहिलं. शिवाय पेशंट स्वतःच या विषयाची प्राध्यापिका. तिनं हे सगळं शांतपणे मनात घोळवून बघितलं. मनातल्या मनात तिनं बाईला खाली पडू दिलं, आणि बाजूला कोण आहे ते बघितलं तर कोणी नव्हतं. बरं झालं, असं तिला वाटलं. शेगडीवर संध्याकाळच्या खिचडीची डाळ शिजत होती आणि झाकण थडथडत होतं.

पहिल्या वर्षातला तो सोमवार होता. आधी दुसऱ्याचा नाही, आपापलाच रिकॉल लिहून आणायचा, असं मॅडमनी सांगितलं होतं. रत्नमाला टीव्ही सेंटरकडं एका खोलीत चार पोरींबरोबर राहायची आणि तिचा डबा पिशोरहून एसटीनं यायचा. आठवड्यातून तीनदा आई, आक्काबाई, पहाटे भाकरी थापून फडक्यात बांधायची, डबा कंडक्टरच्या हवाली करायची, आणि रत्नमाला स्टँडवर जाऊन फलाटावर गाडीची वाट बघायची. डब्यात असतील तेवढ्या भाकरी गाडी येईपर्यंत पुरवायच्या. तिसऱ्या दिवशीची भाकरी दातानं तुटत नसे, ती चहात भिजवायची. त्या शनिवारी गाडी घाटात बंद पडली आणि रविवारी आलीच नाही. शेजारच्या माणसाच्या फोनवरून आई विचारत होती, "गाडी आली न्हाई का गं? मंग काय खाल्लं तू?" आणि ती म्हणाली, खाल्लं, खाल्लं. सोमवारी मात्र तिनं खरं लिहिलं. सकाळी कोरा चहा. दुपारी पाऊण भाकरी, शिळी, लसणाची चटणी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. रात्री कोरा चहा, पाव भाकरी. किती अभिमानानं लिहिलं होतं तिनं! वाट्या मोजून, भाकरीची जाडी अंगठ्यानं मापून. बापासारखं. मॅडमनी जर्नल उघडलं, वाचलं, आणि त्यांची भुवई हलली. मग त्यांनी ते साऱ्या वर्गाला वाचून दाखवलं, एकेक ओळ, सावकाश. बेरीज केली. सहाशे चाळीस कॅलरी. "एवढ्यावर कोणी जगतं का?" त्या म्हणाल्या. वर्ग हसला. "खोटं लिहायचं तर निदान पटेल असं लिहावं. एवढी तरी अक्कल हवी." लाल पेनानं आडवी रेघ, आणि 'पुन्हा'. त्या रात्री रत्नमालानं पुन्हा लिहिलं. एक कप दूध, दोन पोळ्या, वरण, पालेभाजी, अर्धी वाटी दही, कोशिंबीर. शेजारच्या पोरीच्या जर्नलवरून उतरवलं. दहापैकी नऊ मिळाले, वर 'छान'. त्या अख्ख्या वर्षात तिनं दही चाखलं नव्हतं.

लोक म्हणतात की असल्या गोष्टी माणूस विसरतो. असं म्हणणाऱ्यांना एकदा वर्गात उभं करून बघावं. रत्नमाला विसरली नव्हती. तीन वर्षं ती मॅडमच्या तासाला पहिल्या बाकावर बसली, दोन पेपरांत पहिली आली, वाळूजला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम केलं, मग इथं आली. आणि या साऱ्या वाटेवर ते एक वाक्य तिनं सांभाळून ठेवलं होतं. एवढ्यावर कोणी जगतं का? केस विंचरताना, रिक्षात बसल्यावर, कुणाच्या लग्नात पंगतीत पान वाढलं जात असताना, ते तिच्या ओठांवर यायचं. कधीतरी ही बाई आपल्यापुढं बसेल, आपण तिचा रिकॉल घेऊ, आणि शेवटी तिच्या तोंडावर हे वाक्य ठेवू, असं तिनं किती वेळा रचलं होतं. आणि आता बाई मिळाली, वाक्य तयार, तर बाईनं काय सांगितलं? दोन पोळ्या आणि दही. पटेल असं.

तिनं पुन्हा कागदाकडं बघितलं. या कागदावर सही केली, की आपण खोट्याला दहापैकी नऊ देणार. छान म्हणालोच आहोत मघाशी. तेव्हा तिच्या तोंडात कडवट चव आली. दया आली असती तर बरं झालं असतं, चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण दया नव्हती. तिला नुसतं असह्य झालं, की या बाईचं खोटंसुद्धा खपून जावं. ती मेली काय आणि जगली काय, खपता कामा नये. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, तो इतका नामी होता की ती टेबलावर हात टेकून उठून उभी राहिली. खरं काढायचं. सगळं. आणि वाचून दाखवायचं.

तिनं मापाच्या वाट्यांचा संच घेतला आणि तीन वाजता परत सात नंबरला गेली. वाट्या एकेक करून चादरीवर मांडल्या. मॅडमचे डोळे त्या वाट्यांवरून फिरले. "शेवटच्या घासापासून मागं येऊ या, आजी," रत्नमाला म्हणाली. "रात्रीच्या दोन पोळ्या कोणी वाढल्या?"

"सुनेनं. अपेक्षानं."

"चावून खाल्ल्या का कुस्करून?"

मॅडम गप्प राहिल्या. रत्नमालाही गप्प राहिली. चेहरा कोरा. वॉर्डातला पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. हे गप्प बसणंसुद्धा मॅडमनीच शिकवलं होतं, पाणी मुरू द्यावं तसं मुरू द्यायचं. रत्नमालानं रुमालाच्या पुरचुंडीकडं नुसतं बघितलं आणि पुन्हा फॉर्मकडं बघितलं.

"कवळी तडकलीय," मॅडम म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "दोन महिने झाले. टोचते. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की मिक्सरमधला लगदा पुढ्यात येणार. चमच्यानं. मी? साऱ्या जिल्ह्याला जेवायला शिकवलं मी." त्या थांबल्या. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. अपेक्षा सकाळी ऑफिसला जाताना डबा भरून ठेवते. दुपारी फाटकाशी गाय येते, पोळ्या तिला. भाजी बेसिनमध्ये. डबा घासूनपुसून पालथा. रात्री पुढ्यातल्या पोळ्या पदराआड, सकाळी त्याही गाईला. पोटात जातो तो सकाळचा चहा, त्यात दोन बिस्किटं भिजवून. दुपारी वरणाचं पाणी, पुन्हा चहा. रात्री ताकाचा एक पेला. इन्सुलिन मात्र ठरल्या वेळी, दोन्ही वेळा, घड्याळ लावून. "शिस्त मोडली नाही मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना त्याचा खरोखरच अभिमान होता. रत्नमालानं प्रत्येक वाटी त्यांच्या हातात देऊन माप विचारलं. या वेळी पेनानं लिहिलं. बेरीज पाचशेच्या थोडी वर गेली. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं नाही, नुसतं थोपवलं. एवढं चांगलं वाक्य दोघींतच कशाला वापरायचं?

"हे डॉक्टरांना दे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या कोटाची बाही धरली. बोटं हलकी होती, काडीची. "पण मुलासमोर वाचू नकोस बाई. एवढं कर."

"बघते," रत्नमाला म्हणाली.

चारला डॉक्टर आले. मुलगा सोमनाथ आला, हेल्मेट हातात घेऊन, आणि मागून अपेक्षा, ऑफिसातून तशीच, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं. "काय निघालं?" डॉक्टरांनी विचारलं आणि हात पुढं केला. कागद त्या हातात ठेवला की झालं असतं. रत्नमालानं तो ठेवला नाही. तिनं चष्मा नीट केला आणि वाचायला सुरुवात केली, एकेक ओळ, सावकाश, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात. सकाळी चहा, दोन बिस्किटं. दुपारच्या दोन पोळ्या, गाईला. भाजी, टाकून दिली. मॅडमनी मान भिंतीकडं वळवली. रत्नमाला ते बघत होती आणि वाचत होती, आणि तिच्या अंगावर गोड शहारा येत होता. हे असं वाटतं तर, चौदा वर्षांपूर्वी त्यांना हे असं वाटलं असेल. तिनं आवाज किंचित वाढवला. वरणाचं पाणी, पाऊण वाटी. ताक, एक पेला. कवळी तडकलेली, दोन महिने.

"पण आई, डबा रोज रिकामा असायचा," अपेक्षा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी रोज बघायचे ना. मला वाटायचं, आवडतंय तुम्हाला."

बेरीज वाचायची राहिली होती. रत्नमालानं ती वाचली, कागद खाली केला आणि श्वास घेतला. आता ते वाक्य. तेवढ्यात सोमनाथ हसला. वाईट हसला नाही, गोंधळून हसला, माणसं हसतात तसा. "डॉक्टर, काहीतरी गफलत आहे," तो म्हणाला. "दोन महिने? आई गडबडली असेल, नाहीतर यांनी चुकीचं लिहिलं असेल. एवढ्यावर कोणी जगतं का?"

शब्दाला शब्द, तेच. दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, फुकटचं खर्ची पडलेलं. क्षणभर रत्नमालाला काही ऐकू येईना. वर्ग हसत होता. लांब टेबलांवर वाट्या चमकत होत्या, आणि मागच्या बाकावरची ती पोर उभी होती, अंगठ्यानं मापलेली भाकरी वहीत घेऊन, आणि तिच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत एकही माणूस नव्हता.

"जगतात," रत्नमाला म्हणाली. तिचा आवाज फाटला आणि तिला त्याची लाज वाटली नाही. "हे खरं आहे. शब्दन् शब्द खरं आहे. जगतात एवढ्यावर. मी जगलेय."

डॉक्टरांनी तिच्या हातून कागद घेतला, वाचला, आणि डोस निम्म्यावर आणला. आज सोडत नाही, म्हणाले, दोन दिवस साखर बघू, कवळीचं आधी करा. सोमनाथ खाली औषधाच्या दुकानात गेला, अपेक्षा त्याच्या मागोमाग डोळे पुसत गेली. रत्नमाला चादरीवरच्या वाट्या गोळा करायला लागली, मोठीत लहान, तीत आणखी लहान. मॅडमनी भिंतीकडची मान वळवली. आता त्या कोटाकडं बघत नव्हत्या. चष्म्याच्या आत बघत होत्या, खूप वेळ, जुन्या जर्नलची पानं मागं उलटावीत तशा.

"तू पिशोरची ना गं?" त्या म्हणाल्या. "तो एसटीचा डबा. मला नंतर कुणीतरी सांगितलं होतं. वर्ष संपत आलं होतं तेव्हा. मी तुला बोलावणार होते, मग..."

पुढं काय येणार ते रत्नमालाला स्पष्ट दिसत होतं, चौदा वर्षं तिनं त्याचीही वाट बघितली होती, वाक्याच्या खालोखाल. हात पुढं केला असता तर मिळालं असतं. मिळालं की सगळं फिटलं असतं, आणि बाई आज शांत झोपली असती.

"नाही आजी," ती म्हणाली. चेहरा कोरा. "मी पैठणची. आमचा हातमागाचा धंदा आहे, पैठणीचा. तुम्हाला दुसरी कुणी आठवत असेल."

हे खोटं पटेल असं होतं. मॅडमना पटलं. त्यांचा चेहरा हळूहळू विझला, आणि तोंडाशी आलेलं ते सगळं त्यांना परत आत घ्यावं लागलं. "असेल," त्या म्हणाल्या. "ती बारीक होती फार. मी तिला..."

"संध्याकाळी खिचडी पाठवते, मऊ," रत्नमाला म्हणाली आणि वाट्यांचा संच उचलून चालायला लागली. मागं त्या काही बोलल्या असतील तर ते तिनं ऐकलं नाही. किचनमध्ये वच्छलाबाई डाळ घोटत होत्या. रत्नमाला त्यांच्याजवळ उभी राहिली. तिनं वाट्यांचा संच ओट्यावर ठेवला.

"सात नंबरला खिचडी नुसती चमच्यानं खाता येईल अशी करा," ती म्हणाली. "आणि वाटी काठोकाठ भरा."

"व्हय ताई. लई बोलती ती बाई."

"म्हणूनच सांगते. काठोकाठ. तिला बोलायला जागाच ठेवू नका."